दहावा ठोकळा

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने पुण्याहून निघालो, सकाळी नामपूर. चहा ठेवतानाच ताईने विषय काढला. "शेजारचा पोरगा एबीसीडी लिहितो. आमची वर्षभर माँटेसरीत नुसती डाळ निवडतेय, पाणी ओततेय. काढू का तिथून? तू इंजिनिअर, तूच सांग!"

म्हणून भाचीबरोबर शाळेत गेलो. तिने सतरंजी पसरली आणि गुलाबी मनोरा घेतला. दहा ठोकळे, सर्वात मोठा १० सेंटीमीटरचा, सर्वात छोटा १ चा. मधला एक चुकला. मी उठायला लागलो तर बाईंनी हातानेच 'बसा' म्हटलं. भाचीने डोकं तिरकं करून पाहिलं, सगळा मनोरा उतरवला, पुन्हा रचला. असं तीनदा. ना रडणं, ना बाईंकडे बघणं. चौथ्यांदा दहावा ठोकळा वर बसला.

माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोमला पहिलं बालगृह काढलं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला हेच गावातल्या, आदिवासी पाड्यातल्या मुलांपर्यंत नेलं, तेही आसपास मिळणाऱ्या वस्तू वापरून. चूक मुलाला साधनातूनच दिसावी, ही त्यातली गंमत.

आणि मी? कोडमधली माझीच एक चूक गेले दोन आठवडे टीमपासून लपवतोय. लहानपणापासून लाल शाईची भीती, दुसरं काय!

ताईला म्हणालो, "राहू दे तिथेच. एबीसीडी येईल."

असो. सोमवारी टीमला ती चूक सांगायची आहे. बघू, जमतंय का.