बी द्यायचं तर पारखून द्यावं

माझ्या परसातलं वांगं, लवकी आणि पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा यांचं बी मी दुकानातून आणत नाही. ते घरचं आहे. काटेरी वांग्याचं बी काटोलच्या आत्याबाईंकडून आलं, बाकीचं नागपुरातल्या बीजोत्सवातून आणि शेजारपाजारहून. ही वाणं सरळ आहेत, म्हणून त्यांचं बी धरता येतं. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढच्या पिढीत झाडागणिक फळ बदलतं.

वांग्याचं बी धरायचं म्हणजे आधी मोह आवरायचा. सगळ्यांत निरोगी झाड निवडायचं, त्यावरचं देखणं वांगं राखायचं आणि देठाला चिंधी बांधायची. आत्याबाई घरात येईल त्याला बजावत, "बियाचं हाय ते, तोडू नोको!" ते वांगं पिकून पिवळं-तपकिरी पडलं की कापून गर पाण्यात कुस्करायचा. भरीव बी तळाशी बसतं, पोचट वर तरंगतं. तरंगलेलं टाकून द्यायचं. तळचं बी कापडावर पसरून सावलीत, वाऱ्याला वाळवायचं. आपल्याकडच्या उन्हात पत्र्यावर वाळवलेलं बी शिजून मरतं.

लवकीचं काम नाजूक. तिचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि शेजारच्या संकरित वेलावर बसलेला कीटक आपल्याही वेलावर येतो. म्हणून मी दुपारीच नर आणि मादी कळ्यांना कापडी पिशव्या बांधते. मादी कळीखाली इवलीशी लवकी असते, त्यामुळे ती चटकन ओळखू येते. दिवेलागणीला नर फूल तोडून, पाकळ्या काढून त्याचे पराग मादी फुलावर हलकेच टेकवायचे आणि पिशवी पुन्हा बांधायची. ते फळ वेलावरच वाळू द्यायचं, आत बी खुळखुळेपर्यंत.

इथवर पुष्कळ जण करतात. पुढची पायरी मात्र राहून जाते, ती म्हणजे उगवण तपासणं. पण त्याआधी बी नीट वाळलेलं हवं. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात जातो. ओल आणि उष्णता हे बियांचे वैरी. ओलावा १ टक्क्याने उतरला तरी बियाचं आयुष्य साधारण दुपटीने वाढतं, असा बियाणेशास्त्रातला ठोकताळा आहे. म्हणून लवकीचं बी वाकवून पाहावं. कटकन मोडलं तर वाळलं, नुसतंच वाकलं तर अजून ओल आहे. मगच ते घट्ट झाकणाच्या बरणीत जावं.

मृगाआधी मी ५० बिया मोजून ओल्या धडप्यात ओळीने मांडते, गुंडाळी करून सावलीत ठेवते आणि रोज पाणी शिंपडते. पोपटाला आठवडा पुरतो, वांग्याला दोन आठवडे धीर धरावा लागतो. वांग्याचं ताजं बी काही काळ सुप्त असतं, त्यामुळे काढल्याबरोबर तपासून ते वाईट ठरवू नये. गुंडाळी उघडल्यावर सरळ, पांढरं मूळ फुटलेल्याच बिया मोजायच्या. वाकडी, बुरशी धरलेली सोडून द्यायची. प्रमाणित बियाण्याला वांग्यात किमान ७० टक्के आणि लवकीत ६० टक्के उगवण लागते. घरच्या बियालाही मी तोच दंडक लावते. त्याखाली उतरलं तर ते मी कुणाला देत नाही, स्वतःच दाट पेरते आणि नव्याने बी धरते.

गावरान बी जपणाऱ्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आता गावरान बी मागणारे जागोजागी भेटतात, याचा मला मनापासून आनंद आहे. शेतकऱ्याने आपलं बी राखावं, वाटावं, ब्रँडचं नाव न लावता विकावं, हा हक्क २००१च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानेही दिला आहे. पण मागणारे वाढले तशी देणाऱ्याची जबाबदारीही वाढली. हौसेने नेलेली पुडी उगवली नाही की माणूस आपल्या मातीला दोष देतो आणि पुन्हा दुकानात जातो. जुनं वाण त्या घरातून कायमचं उठतं.

तेव्हा या हंगामात एका तरी झाडाला चिंधी बांधा. बी धरा, मे महिन्यात तपासा आणि पुडीवर वाणाचं नाव, गाव, साल व उगवणीचा टक्का लिहून मगच शेजाऱ्याच्या हातात द्या.