काम कोणास द्यावे?

टायनन सिल्व्हेस्टर यांनी रचलेला ‘रिमवर्ल्ड’ हा संगणकावरील खेळ २०१८ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. आमच्या वर्गातील मुले तो खेळतात, म्हणून कुतूहलाने आम्हीही खेळू लागलो. यान कोसळून तीन माणसे एका अनोळखी ग्रहावर उतरतात आणि त्यांची वसाहत आपण उभी करावयाची, एवढेच कथानक. लढाया, वणवे, रोगराई सर्व काही त्यात आहे; परंतु आमचे मन गुंतले ते कामवाटपाच्या एका साध्या तक्त्यात.

तक्त्यात एका बाजूस माणसांची नावे, वर कामांची: आग विझविणे, वैद्यकी, स्वयंपाक, बांधकाम, शेती, ओझी वाहणे, झाडलोट. प्रत्येक घरात १ ते ४ पैकी आकडा घालावयाचा. १ चे काम आधी, ४ चे शेवटी. आकडे सारखे असल्यास डावीकडचे काम प्रथम. आमच्या घरच्या कोकणीत कामाला ‘वावर’ म्हणतात, मराठीत वावर म्हणजे हिंडणेफिरणे. ज्याच्यापुढे आकडाच नाही, तो माणूस मराठी वावर करीत राहतो!

झाडलोट उजव्या टोकाजवळ असते. तेव्हा सर्वांना सर्व कामे ३ या आकड्याने दिली, तर केर काढण्याची पाळी क्वचितच येते. आणि स्वयंपाकघर घाण राहिले की अन्नातून विषबाधा होते. स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सभागृह पाहिलेल्या शिक्षकास हे नव्याने सांगावयास नको. काही मंडळी तर पूर्वायुष्यामुळे ओझे उचलीतच नाहीत. त्यांच्यापुढील घर कोरे. तीही ओळखीची वाटली.

खरा पेच निराळाच आहे. प्रत्येकाचे कौशल्य ० ते २० या आकड्यांत दाखविलेले असते आणि काही कौशल्यांपुढे एक वा दोन ज्योती. ज्योत म्हणजे आवड. एका ज्योतीचा माणूस ज्या वेगाने शिकतो, त्याच्या ३५ टक्के वेगाने बिनज्योतीचा शिकतो. दोन ज्योतींचा दीडपट. समजा, एकीचे वैद्यकीतील कौशल्य ८, पण ज्योत नाही; दुसऱ्याचे अवघे ३, परंतु ज्योती दोन. जखमी खाटेवर पडला आहे. कोणास धाडावे? उपचार कच्चा राहिला तर जखम चिघळण्याचा संभव वाढतो. त्या घटकेला आठवालीच हवी. मात्र नेहमी तिलाच धाडले, तर दुसरा तिनावरच राहतो, आणि एखाद्या दिवशी तीच जखमी झाली म्हणजे वसाहतीस वैद्य उरत नाही. म्हणून जिवावरचे दुखणे जाणतीकडे, खरचटणे शिकाऊकडे, अशी वाटणी आम्ही ठेवली आहे.

शाळेतही हा पेच येतो. सूत्रसंचालन ज्याची वाणी स्वच्छ त्याच्याकडे जाते, आणि गेले की पाचवीपासून दहावीपर्यंत तेथेच राहते. मागच्या बाकावरील एक मुलगी दरवर्षी हात वर करी. घरी कोकणी, मराठी बोलताना ‘च’ आणि ‘ळ’ यांपाशी चाचरणारी; तिच्या वाट्याला पाहुण्यांचे पुष्पगुच्छ आणून देणे येई. तिच्या नावापुढील ज्योत दाखविणारा तक्ता आम्हां शिक्षकांपाशी नसतो. वर केलेला हात, एवढीच खूण.

संमेलनास बाहेरचे पाहुणे येतात. ते त्या मुलाकडेच ठेवले. १५ ऑगस्टचे सूत्रसंचालन यंदा तिने केले. दोनदा अडली, थांबली, पुन्हा म्हणाली. पुष्पगुच्छ त्याने आणून दिले. २६ जानेवारीसाठी आता तिघींनी हात वर केले आहेत.