बसच्या खिडकींतून मुंबई

सुटी लागली म्हणजे आपल्या घरोघरीं दोनच विचार सुरू होतात : थंड हवेच्या ठिकाणीं जावें, कीं कोंकणांत गांवीं जावें. ज्या मुंबईंत जन्म काढला ती पाहावी, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. कचेरीचा रस्ता, बाजाराचा रस्ता आणि आगगाडीचें स्टेशन, एवढीच पुष्कळांची मुंबई. ही उणीव भरून काढण्याचा सोपा व स्वस्त उपाय म्हणजे सुटीचे तीन-चार दिवस 'बेस्ट'च्या बसनें सावकाश हिंडणें. मे २०२५ मध्यें भाडेवाढ झाल्यावरहि साध्या बसचें पहिल्या टप्प्याचें भाडें १० रुपयेच आहे. तेव्हां सात-आठ माणसांच्या कुटुंबासहि हा खर्च जड वाटूं नये.

आरंभ कुलाब्यापासून करावा. पहिल्या अफगाण युद्धांत मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेलें अफगाण चर्च तेथें आहे. १५ जुलै १९२६ रोजीं मुंबईची पहिली बस येथूनच क्रॉफर्ड मार्केटकडे निघाली. आजहि त्याच दिशेनें जावें, वाटेंत हुतात्मा चौकांत उतरावें, आणि संयुक्त महाराष्ट्रासाठीं कोणीं प्राण दिले तें मुलांना सांगावें. पुढें मंडई लागते. तिला आतां महात्मा फुले यांचें नांव आहे, तरी जुनें नांव लोकांच्या तोंडून अद्याप गेलेलें नाहीं.

दुसरा दिवस भायखळ्याच्या राणीच्या बागेस द्यावा. लगतचें डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ सालीं लोकांस खुलें झालें. तेथें घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे. परकीयांनीं त्या बेटास दिलेलें 'एलिफंटा' हें नांव याच हत्तीवरून पडलें. बाग व संग्रहालय बुधवारीं बंद असतात, हें ध्यानांत ठेवावें. तिसऱ्या दिवशीं वाळकेश्वरीं जाऊन बाणगंगा पाहावी, व उतरतीच्या उन्हांत गिरगांव चौपाटीवर यावें. लोकमान्यांच्या देहाला १९२० सालीं अग्नि दिला तो येथेंच.

सकाळ-संध्याकाळची कचेरीची गर्दी टाळून, अकरा ते चारच्या दरम्यान निघावें. गेल्या कांहीं वर्षांत गाड्यांची संख्या घटल्यामुळें थांब्यावर बराच वेळ तिष्ठावें लागतें, हें खरें. पण मोटारींत बसून गेलेल्यास शहराचीं केवळ ठिकाणें दिसतात. थांब्यावर उभें राहणाऱ्यास त्यांतलीं माणसेंहि दिसतात. डबा घेऊन निघालेला कारकून, फुलांची टोपली सांभाळणारी बाई आणि शाळेंतून परतणारीं पोरें यांच्या शेजारीं बसल्यावांचून आपल्या मुलांना शहर कळलें असें म्हणतां येणार नाहीं.

मात्र घरांतील वडीलधाऱ्यांना मागें ठेवून हा प्रवास करूं नये. पायऱ्या चढणें ज्यांना अवघड त्यांना हात द्यावा, खिडकीजवळ बसवावें, आणि त्यांना बोलूं द्यावें. १८७४ सालीं घोड्यांनीं ओढलेली व १९०७ पासून विजेवर चाललेली ट्राम ३१ मार्च १९६४ रोजीं कायमची थांबली. तिच्या बाकावर बसल्याचें ज्यांना आठवतें, तीं माणसें आतां सत्तरीच्या घरांत वा त्यापलीकडे आहेत. १९३७ पासून धांवणाऱ्या जुन्या दुमजली बसगाड्यांनींहि सप्टेंबर २०२३ मध्यें निरोप घेतला. त्यांच्या जागीं विजेच्या, गार हवेच्या नव्या दुमजली गाड्या आल्या आहेत. इमारतींचीं वर्षें पुस्तकांत सांपडतील. परंतु आपली आजी कोणत्या नाक्यावर ट्राममधून उतरून शाळेंत जाई, हें कोणत्याहि संग्रहालयांत लिहून ठेवलेलें नाहीं. तो नाका तिनें बसच्या खिडकींतून नातवंडांना बोटानें दाखवावा, एवढ्यासाठीं तरी थंड हवेचें ठिकाण एक वर्ष पुढें ढकलावें. महाबळेश्वर कोठें जात नाहीं.