हॉटेलची ग्रेव्ही आणि आमचा येसर

हॉटेलात भाजी मागवली की दहा-पंधरा मिनिटांत समोर येते, आणि तीच घरी करायची म्हटली तर दीड तास मोडतो. असे का? हा प्रश्न मला गेली दोन वर्षे पडत होता. त्याआधी पडायचे कारण नव्हते, कारण त्याआधी स्वयंपाक सौ. करीत असे.

संधिवाताने तिची बोटे आता वळत नाहीत. विळी धरता येत नाही, मिक्सरचे झाकणसुद्धा दाबता येत नाही. पोळ्या-भाकरी शेजारच्या ताई करून देतात. भाजी, आमटी, भात हे खाते माझ्याकडे. मुलगा पुण्याला, मुलगी नाशिकला. दोघेही "आमच्याकडे या" म्हणतात आणि अगदी मनापासून म्हणतात. पण आम्हा दोघांनाही बीबी सोडवत नाही. इथेच राहायचे तर घरात रोज दोन वेळा काहीतरी शिजले पाहिजे, इतका हा सरळ हिशेब आहे. पंच्याहत्तरीच्या माणसाने दीड तास ओट्याशी उभे राहायचे, तेही रोज, म्हणजे तो हिशेब फार दिवस जमणारा नव्हता.

उत्तर मिळाले ते रस्त्यावरच्या ढाब्यात. आमचे गाव सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि लांबच्या बऱ्याच गाड्या तिकडे वळल्या, तरी जुन्या रस्त्यावर जेवणाऱ्यांची वर्दळ असतेच. माझा एक जुना विद्यार्थी तिथे भट्टी सांभाळतो. त्याला विचारले तर हसला.

"सर, ऑर्डर आल्यावर कांदा चिरायले घेतला तर गिऱ्हाईक उठून जाईन ना! सकाळी ग्रेव्ही करून ठेवायची, दिवसभर निस्त्या फोडण्या द्यायच्या."

म्हणजे हॉटेलातली भाजी तीन-चतुर्थांश आधीच झालेली असते. मोठ्या हॉटेलांत दोन-तीन पातेली असतात. लाल ग्रेव्ही टोमॅटो आणि काश्मिरी मिरचीची, पांढरी उकडलेला कांदा, काजू आणि मगजबी यांची, आणि एक परतलेल्या कांद्याची तपकिरी. कोणती किती घ्यायची आणि वर काय घालायचे यावरून मेन्यूकार्डावरची पन्नास नावे तयार होतात. इंग्लंडमधल्या करी हाउसांतही हीच पद्धत आहे. तिथेही कांद्याचा पातळ रस्सा मोठ्या टोपात आधी शिजवून ठेवतात. थोडक्यात, यात गुप्त मसाला वगैरे काही नाही. वेळखाऊ काम एकदाच उरकायचे आणि झटपट काम ज्या त्या वेळी करायचे, एवढीच युक्ती.

मी ती घरच्या मापात बसवली. एक किलो कांदे, अर्धा किलो टोमॅटो, पन्नास ग्रॅम काजू, दोन चमचे मगजबी, आठ-दहा काश्मिरी मिरच्या, लसणाचा एक गड्डा, दोन बोटे आले, दोन तमालपत्रे, थोडी दालचिनी, चार लवंगा आणि एक लहान वाटी तेल. काजू, मगजबी आणि बिया काढलेल्या मिरच्या गरम पाण्यात भिजत घालायच्या. तेलात खडा मसाला टाकून उभा चिरलेला कांदा मध्यम आचेवर परतायचा. घाई करायची नाही, अर्धा तास लागतो. (मी ओट्याजवळ स्टूल घेऊन बसतो आणि रेडिओ लावतो.) कांदा बदामी झाला की आले-लसूण, मग टोमॅटो आणि मीठ. टोमॅटो गळले की भिजवलेला ऐवज घालून दहा मिनिटे झाकण. पूर्ण गार होऊ द्यायचे, तमालपत्रे आणि दालचिनी काढायची, आणि बारीक वाटायचे. गरम घातले तर वाफेने मिक्सरचे झाकण उडते, तेव्हा जपून. वाटण पुन्हा कढईत टाकून तेल सुटेपर्यंत परतायचे. याचे सहा लहान डबे होतात. एका डब्यात आम्हा दोघांची एका वेळची भाजी निघते.

मी आयुष्यभर मराठी शिकवले, विज्ञानाशी माझा संबंध पेपर तपासणाऱ्या शेजारच्या टेबलापुरता. पण काही गोष्टी कढईनेच शिकवल्या. टोमॅटो कांद्याच्या आधी का घालायचा नाही? तर आंबटात कांदा लवकर मऊ होत नाही. डाळीत चिंच आधी घातली तर डाळ शिजत नाही, हे आपल्या घरोघर ठाऊक आहे, तोच नियम. तेल का सुटते? वाटणात पाणी आहे तोवर तेल त्यात अडकून असते. पाणी आटले की ते वेगळे होऊन कडेला येते. म्हणजे 'तेल सुटले' हे कढईतले घड्याळ आहे. त्याच्या आत कच्चा वास जात नाही. आणि हॉटेलचा तो लाल रंग? मिरचीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही, तेलात उतरतो. म्हणून तेल कमी केले की रंगही फिका पडतो. आमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही फिक्या रंगावर समाधान मानतो!

पहिल्यांदा हे सगळे केले तेव्हा सौ. स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बघत होती. डबे भरून झाल्यावर म्हणाली, "अहो, यात हॉटेलचं काय आहे? हा तर येसरच झाला. तुमचा ओला, आमचा कोरडा."

तिचे माहेर जालन्याकडचे. तिकडे येसर घरोघर असतो. ज्वारी किंवा बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ खमंग भाजायची, धने-जिरे, खोबरे, लवंग-मिरे असा मसाला भाजायचा, आणि सगळे एकत्र दळून बरणीत भरायचे. पाहुणे अवचित आले तर उकळत्या पाण्यात येसर कालवून लावला, वर लसणाची फोडणी दिली की दाट आमटी तयार. भाजलेले धान्य घट्टपणा देते, म्हणजे काजूचे काम तिथे ज्वारी करते. लग्नघरात तर पंगतीच्या पंगती त्यावर उठत.

मी थांबलो. बटर चिकनचा मान कोणाचा, यावरून २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दोन हॉटेलवाल्यांचा दावा उभा राहिला होता. १९४७ च्या फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या मंडळींनी दर्यागंजमध्ये 'मोती महाल' काढले, त्यांच्यापैकी नेमका कोणी तो पदार्थ शोधला, हा वाद. इकडे येसर कोणी शोधला म्हणून कोणी विचारलेले माझ्या ऐकिवात नाही. पण रोजचे काम हलके व्हावे म्हणून जड काम आधी उरकून ठेवायचे, हे शहाणपण तेच. ते जात्यावर बसणाऱ्या बायकांना हॉटेलांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते.

एक तक्रार मात्र खरी आहे. एकाच ग्रेव्हीत सगळे केले की पनीर, फ्लॉवर, वाटाणा, सगळ्यांची चव एक. चौथ्या दिवशी सौ.ने ताट बाजूला सारले. मग तिनेच नियम घालून दिला: डबा तोच, पण फोडणी रोज वेगळी. वाटाणा-बटाट्याला जिरे आणि कसुरी मेथी. वांग्याला तिचा काळा मसाला आणि दाण्याचा कूट. शेवभाजीला ठेचलेला लसूण जास्त, आणि शेव अगदी शेवटी. अंड्याला मिरे. ही शेवटची पाच मिनिटे तिच्या हुकमाप्रमाणे चालतात. हात माझे, जीभ तिची.

आता रविवारी सकाळी कांदे चिरतो. चार डबे खाली फ्रिजमध्ये, ते बुधवार-गुरुवारपर्यंत संपवायचे. दोन फ्रीजरमध्ये. वीज फार वेळ गेली तर तेही लगेच वापरून टाकतो. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहितो, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर लिहायचो तशी. रोजची भाजी वीस मिनिटांत होते.

आमच्यासारखी दोघे-दोघेच उरलेली घरे आता गावोगाव आहेत. मुले दूर, हात थकलेले, आणि मग दूध-भाकरीवर रात्र काढायची सवय लागते. ती एकदा लागली की सुटत नाही, हे मी माझ्या वयाच्या दोन-तीन मित्रांकडे पाहिले आहे. त्यांच्यापैकी एकाला गेल्या रविवारी बोलावून कांदे चिरायला बसवले. डोळ्यांतून पाणी काढत त्याने अर्धा किलो चिरले आणि जाताना दोन डबे घेऊन गेला. येत्या रविवारी तो त्याच्या घरी करणार आहे. सौ.ने त्याला बजावून सांगितले आहे, "टोमॅटोची घाई करू नका, भाऊजी."