पटाशीची पाठ

पटाशी हातात आली की कुणीही तिचा उतार बघतो. तिरपा, चकाकता, अंगठ्याने चाचपावासा वाटणारा. ती उलटून पाठ बघतो तो सुतार. उतार आणि पाठ जिथे मिळतात तिथे धार. त्यातली एक बाजू चऱ्यांनी भरलेली असली, तर दुसरी कितीही घासा, धारेची रेघ तुटकच राहते. उतार कायम घासत राहावा लागतो. पाठ नीट लावली की बहुधा जन्माची लागते, आणि असल्या एकदाच्या कामाला मजुरी कधी मिळाली नाही. खळ्यावर बलुत्याचं धान्य मोजलं जायचं ते तिफणीचं, वखराचं, गाडीचं.

सिंदखेडराजा तालुक्यातल्या दुसरबीड गावाचा जुना मोठा रस्ता म्हणजे जालना-सिंदखेडराजा-मेहकर. आता तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, लांबचे ट्रक तिकडे वळले. अशा हमरस्त्याकाठच्या लोहारांना पोलाद रस्त्यानेच पुरवलं. ट्रकचा कमानपाटा तुटला की त्याचा तुकडा भट्टीत जायचा आणि पटाशी होऊन निघायचा. कमानीचं पोलाद चिवट, धारेला उत्तम. पण तापलेलं पातं पाण्यात बुडवलं की ते सगळीकडून सारखं निवत नाही. पातळ टोक आधी, जाड मान मागून, आणि त्या ओढाताणीत पातं किंचित वाकतं. डोळ्याला हे कळत नाही. ओल्या दगडावर पाठ टेकवून चार हात मारले की कळतं. टेकलेली जागा उजळते, बाकीची काळी राहते. दुकानातली नवी पटाशीही निर्दोष नसते. तिच्या पाठीवर यंत्राच्या सहाणेचे चरे असतात, वर गंज लागू नये म्हणून वार्निश.

पाठ मध्ये खोलगट निघाली तर घाबरायचं कारण नाही, दोन्ही कडा टेकतात. जपानी लोहार तर पाठीला मुद्दाम खोलगा ठेवतात. घासायचं पोलाद कमी, काम लवकर. पोट आलेली पाठ मात्र दगडावर डुलते, आणि डुलत घासली की आणखी गोल होते. काही हौशी लोक अख्खी पाठ आरशासारखी करत बसतात. माझ्या मते तो हट्ट आहे. धारेमागची दोनतीन सेंटिमीटर सपाट झाली की काम भागतं. वर फार उंचवटा तेवढा नको, कारण चौकटीची खाच किंवा चाकाच्या तुंब्यातली आऱ्याची जागा साफ करताना पाठ लाकडाला चिकटून सरकते. पात्याला वाट तीच दाखवते. पाठीला चुकूनही उतार पडला, तर ती वाट फसवते.

खरी अडचण दगडाची. रोज घासून तो मध्ये खोल जातो, आणि खोल दगडावर सपाट पाठ घासली की तिला पोट येतं. मग दगड सपाट कशावर करायचा? आणि ती वस्तू सपाट आहे हे कशावरून ठरवायचं? इंग्लंडचा अभियंता जोसेफ व्हिटवर्थ याने 1840 साली ग्लासगोच्या एका सभेत सपाट पृष्ठ घडवण्यावर निबंध वाचला. त्याच्या पद्धतीत धातूच्या पाट्या तीन लागतात. दोनच एकमेकींशी जुळवल्या, तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट असूनही त्या बेमालूम बसू शकतात. तिसरी आली की लबाडी उघडी पडते. तिन्ही एकमेकींशी जुळायच्या तर तिन्हींना सपाट व्हावंच लागतं.

गावातल्या सुताराकडे असा संच नसतो. तो शहाबादी फरशीवर वाळू आणि पाणी टाकतो, दगड पालथा घालून आठाच्या आकड्यासारखा फिरवतो. फरशीही झिजते, म्हणून पुढच्या खेपेला दुसरी फरशी धरतो, मग तिसरी. व्हिटवर्थचं नाव त्याच्या कानावर गेलेलं नसतं. घरातली बाई मात्र ओसरीकडे बघून ओरडते, "अहो, आता ही बी फरशी खराब करता का?"