मराठीत ‘न्यूमेन’

सेमाडोह,
फाल्गुन वद्य अष्टमी

प्रिय ताई,


तुझं पत्र काल मिळालं. अनुवादात लॅटिन ‘न्यूमेन’ला ‘देवत्व’ लिहिलंस आणि ते मनाला पटत नाही म्हणतेस. पटणार कसं? देवत्व म्हटलं की डोळ्यांपुढे मूर्ती उभी राहते, मुकुट, आयुधं, प्रसन्न चेहरा. न्यूमेनला चेहराच नाही.

आपल्या ‘देव’ शब्दात झळकणं आहे. इंग्रजीतले ‘डिव्हाइन’, ‘डीइटी’ त्याच कुळातले. न्यूमेनचं कूळ वेगळं. लॅटिनमध्ये त्याचं मूळ मान हलवण्यात आहे, मान हलवून होकार देण्यात. कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा सगळे मूर्तीवर चिकटवलेल्या फुलांकडे श्वास रोखून बघत असतात. उजवीकडचं फूल सुटतं, आणि आत कुणीतरी हो म्हणालं हे उभ्या गर्दीला कळतं. ती हालचाल म्हणजे न्यूमेन. रोमन लोक हा शब्द झऱ्याला लावत, राईला लावत, पुढे सम्राटालाही लावू लागले. ओव्हिड या कवीनं अ‍ॅव्हेंटाइन टेकडीखालच्या एका काळोख्या राईचं वर्णन करताना तो वापरलाय. कोणता देव ते तिथं सांगावं लागत नाही, राई बघितली की पुरे.

हा शब्द विद्वानांच्या तोंडी रुळला तो रुडॉल्फ ओट्टोमुळे. 1917 मध्ये या जर्मन धर्मपंडितानं त्यावरून ‘न्यूमिनस’ हे विशेषण घडवलं. अंगावर काटा यावा आणि तरीही पाय तिकडेच ओढले जावेत, असा तो अनुभव. गीतेतला अकरावा अध्याय त्यानं त्यासाठी दाखल्याला घेतला. अर्जुनाला विश्वरूप हवं होतं, आणि दिसल्यावर त्यानं नेहमीचं ओळखीचं रूप परत मागितलं, ते आठव.

आता मला खरं बोलायचंय ते लुइसबद्दल. लेखक सी. एस. लुइसनं 1940 च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ पेन’मध्ये समजावलंय की शेजारच्या खोलीत वाघ आहे असं कळलं तर वाटणारी भीती एक, भूत आहे म्हटलं तर दुसरी, आणि एखादी प्रचंड शक्ती आहे म्हटलं तर वाटतं ते तिसरंच, ते न्यूमिनस. शहरातल्या घरात बसून हे पटतं. इथं मेळघाटात, सेमाडोहला माझ्या मनाला ते पटेना. इथं त्या तिन्हींच्या मध्ये भिंतीच नाहीत.

परवा सकाळी सिपना नदीच्या पात्रात उतरले होते. (सिपना म्हणजे इथल्या कोरकू भाषेत साग. नदीला झाडाचं नाव.) ओल्या रेतीत वाघाचा पंजा उमटलेला, माझ्या तळहाताहून मोठा, आणि त्याच्या काठाची रेती अजून ढासळत होती. म्हणजे नुकताच गेला असणार. माझ्यासोबत गावातले एक कोरकू आजोबा होते, मोहफुलं वेचायला निघालेले. ते न बोलता चढाव चढले, वाटेवरच्या शेंदूर फासलेल्या दगडापाशी थांबले. चपला काढल्या, टोपलीतली तीन-चार फुलं दगडावर ठेवली आणि तसेच उभे राहिले. हात जोडले नाहीत, काही पुटपुटले नाहीत. कान देऊन उभे होते म्हण. वानरं ओरडायची थांबली तशा चपला घातल्या. मी विचारलं, “आजोबा, हा कोणता देव?” म्हणाले, “नाव कायले पायजे? हाय ना.”

वाघाला कोरकूत कुला म्हणतात, गावाच्या राखणदार देवाला मुठवा. त्या दगडापाशी दोन्ही भीती एकच होत्या, आणि भीतीइतकीच माया होती. 1974 मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून हे रान असं सांभाळून चालण्याचं आहे.

आपल्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या महानुभाव पंथीयांची मला त्या वेळी आठवण झाली. त्यांनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ काटेकोरपणे वेगळे ठेवले. त्यांच्या हिशेबानं हा दगड परमेश्वर नव्हेच. पण ‘देवता’ म्हटलं की पुन्हा नाव आलं, रूप आलं, आणि आजोबांनी नेमकं तेच बाजूला सारलं.

म्हणून मी तुला एक शब्द सुचवते: जाग. पहाटे अंगणातून जाताना शेजारच्या घरात बांगड्या वाजतात, चुलीचा धूर येतो, आपण म्हणतो, घरात जाग आहे. कोण उठलंय ते दिसत नाही. ‘जागृत देवस्थान’ आपण म्हणतोच, पण त्यात देऊळ आलं, नवस आला. नुसती जाग घे. ‘न्यूमिनस’ला काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही, ‘जागतं’ चालेल का बघ.

ओव्हिडच्या त्या ओळीपाशी ‘त्या राईत जाग आहे’ असं लिहून बघ, आणि आईला काहीही न सांगता ती ओळ वाचून दाखव. ती काय म्हणते ते लगेच कळव.

तुझी,
धाकटी