ले ऑफ म्हणजे काढलं नव्हे

बेगडेवाडीहून तळेगावला जाताना मध्ये फक्त घोरावाडी स्टेशन लागतं. माझा धाकटा भाऊ त्याच लोकलने तळेगावच्या एमआयडीसीत कामाला जायचा. २०१९ साली गाड्यांचा खप घसरला, सुट्या भागांच्या ऑर्डरी आटल्या आणि एका संध्याकाळी तो इंग्रजी नोटीस घेऊन घरी आला. ‘लेड ऑफ अनटिल फर्दर नोटीस.’ घरात इंग्रजी वाचणारा मीच. अमेरिकेतल्या बातम्या वाचून पाठ झालेला अर्थ मी सांगून टाकला, “काढलं तुला.” अम्मीने विचारलं, “निकाल दिया क्या?” मी मान हलवली. पुढचे ‘अनटिल फर्दर नोटीस’ हे शब्द मला नुसते शिष्टाचाराचे वाटले.

भाऊ तीन दिवस घरातच होता. तिसऱ्या रात्री शेजारचे काका आले. कारखान्यातून निवृत्त झालेले, जन्मभर युनियनचं काम केलेले. नोटीस वाचून ते माझ्यावरच चिडले. “अरे, काढलं नाही, बसवलंय. मस्टरवर नाव आहे ना? मग हा घरात का?”

तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘ले ऑफ’चा अर्थ असा होता: कच्चा माल, वीज यांची टंचाई किंवा मालाचा साठा पडून राहणं अशा कारणांनी मालक काम देऊ शकत नाही, पण कामगाराचं नाव मस्टरवर कायम राहतं. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कायम कामगाराला त्या दिवसांचा निम्मा मूळ पगार आणि निम्मा महागाई भत्ता मिळतो. मात्र त्याने रोज निदान एकदा कामाच्या वेळेत हजेरी द्यायला हवी. ‘रिट्रेंच’ म्हणजे खरी कपात. तिथे महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार.

‘ले’ म्हणजे ठेवणं, ‘ऑफ’ म्हणजे बाजूला. बाजूला ठेवलेली वस्तू पुन्हा उचलता येते, हे मला का सुचलं नाही? गंमत म्हणजे आपला ‘बडतर्फ’ हा फारसीतल्या ‘बर-तरफ’वरून आला, त्याचाही मूळ अर्थ ‘बाजूला’च. पण बडतर्फ झालेल्याला कोणी परत बोलावत नाही. शब्द फोडून अर्थ लागतोच असं नाही. पुढच्याच वर्षी वर्तमानपत्रांनी लॉकडाउनला टाळेबंदी म्हटलं, तेव्हा काका पुन्हा वैतागले. त्यांच्या लेखी टाळेबंदी म्हणजे लॉकआउट, मालकाने कामगारांसाठी बंद केलेलं गेट.

चौथ्या दिवसापासून भाऊ रोज लोकलने जाऊन हजेरी देऊन यायचा. काम पुन्हा सुरू झालं, निम्मे पैसेही आले, पण पहिले तीन दिवस सोडून. तेवढे पैसे मी त्याच्यापुढे धरले. घेतले नाहीत त्याने. म्हणाला, “राहू दे भाई. पुढची नोटीस आली की आधी काकांकडे जाऊ.”